कमिट राइट्स (प्रोजेक्टच्या कोडमध्ये थेट बदल करायचा अधिकार) कुणाला द्यायचे, आणि दिलेले परत कसे मागायचे?

शाईचा_डाग | शनि, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या.

२०१७ साली आम्ही तिघा कॉलेजमित्रांनी मराठी शुद्धलेखन तपासणारी एक छोटी पायथन लायब्ररी सुरू केली. हनस्पेल या शुद्धलेखन तपासनीसाची शब्दयादी, प्रत्ययांची फाइल आणि वर थोडा कोड, बस. हौसेचं काम. रेपो (कोडचं भांडार, इतिहासासकट) गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर, माझ्या पर्सनल अकाउंटवर. मग लोक येत गेले, कुणी दोन चांगले पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'हा बदल घ्या' अशी विनंती) पाठवले की मी खूश होऊन "घे बाबा, तूच मर्ज करत जा" म्हणून कोलॅबोरेटर करून टाकायचो. आज यादी उघडून बघितली तर नऊ जण आहेत, त्यातले तीन कोण हे मला खरंच आठवत नाहीये.

मागच्या महिन्यात एकाने चुकून मेनवर (मुख्य ब्रँचवर) फोर्स पुश केला, म्हणजे तिथला इतिहास पुसून आपला चढवला. बिचारा आपल्या फोर्कवर (स्वतःच्या प्रतीवर) करायला गेला होता, रिमोटचं नाव चुकलं. तीन आठवड्यांचे कमिट गायब. माझ्या लॅपटॉपवर क्लोन होता म्हणून वाचलो. तेव्हापासून झोप नीट नाही.

त्यात आणखी दोन गोष्टी. एक, गेले चार महिने एक नवीन गृहस्थ शब्दयादीवर तुफान काम करतायत, तीसेक पीआर झाले असतील, आणि आता दुसऱ्याच एका अकाउंटवरून कमेंट यायला लागल्यात की तुम्ही रिव्ह्यूला आठवडे लावता, त्यांनाच राइट्स देऊन टाका की. दोन, तिघांमधला एक मित्र आता अमेरिकेत असतो, २०२० नंतर त्याने कोडला हात लावलेला नाही, पण पायपीआयवर (पायथन पॅकेजांचं सार्वजनिक कोठार) रिलीज टाकायचं टोकन (पासवर्डसारखी किल्ली) त्याच्याच अकाउंटचं आहे, २०१९ मध्ये बनवलेलं, सीआयमध्ये (आपोआप टेस्ट आणि रिलीज करणाऱ्या यंत्रणेत) बसलंय आणि अजून चालतंय. त्याच्या लग्नात मी पंगतीला वाढलंय हो. त्याला "तुझा ॲक्सेस काढतोय" असं कुठल्या तोंडाने सांगू?

---

पोह्यांवरची_शेव | शनि, रात्री ११:५२

रुमाल टाकून ठेवतो, उद्या सविस्तर लिहितो. तोवर एकच, ते टोकन हा धागा वाचायचं सोडून आत्ता रद्द करा. नवीन रिलीज आठवडाभर नाही आलं तर मराठी भाषा बुडत नाही.

---

जुनाट_कीबोर्ड | रवि, सकाळी ८:१५

ते "दुसऱ्याच अकाउंटवरून कमेंट" वाचून अंगावर काटा आला. एक्सझेडचं प्रकरण ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण तुमचं चित्र त्याच्याशी फार जुळतंय.

एक्सझेड म्हणजे फाइली दाबून लहान करणारं टूल, जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असतं. सांभाळणारा माणूस एकच, लासे कॉलिन, फुकट, फावल्या वेळात. २०२१ मध्ये 'जिया टॅन' नावाने कुणीतरी छोटे छोटे पॅच पाठवायला लागलं, चांगले, नम्र. २०२२ मध्ये मेलिंग लिस्टवर भलतीच दोन-तीन नावं उगवली, त्यांचं एकच पालुपद, काम हळू चाललंय, नवा मेंटेनर आणा. कॉलिनने तिथे लिहिलं होतं की तब्येत, मानसिक त्रास वगैरेमुळे वेळ देता येत नाही आणि हा बिनपगारी छंद आहे. दमलेला माणूस. हळूहळू जिया टॅनला कमिट राइट्स मिळाले, मग रिलीज काढायचा अधिकार मिळाला. मार्च २०२३ मध्ये गूगलच्या ओएसएस-फझ या तपासणी सेवेत या प्रोजेक्टचा संपर्क ईमेलसुद्धा बदलून त्याचा झाला, म्हणजे काही गडबड सापडली तर कळवणार कुणाला, तर चोरालाच.

फेब्रुवारी-मार्च २०२४ मध्ये ५.६.० आणि ५.६.१ आल्या, त्यात एसएसएचमध्ये (दूरच्या मशीनवर लॉगिन करायची सोय) शिरायचं मागचं दार. आणि गंमत बघा, ते दार उघडणारी बिल्ड स्क्रिप्टमधली ओळ गिटमध्ये (कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या टूलमध्ये) नव्हतीच, रिलीजच्या टारबॉलमध्ये (लोक उतरवून घेतात त्या गठ्ठ्यात) होती. म्हणजे रेपो कितीही डोळ्यात तेल घालून वाचला असता तरी ती दिसली नसती. सापडलं ते आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसवाल्याला, २९ मार्चला त्याने जाहीर केलं. त्याच्या मशीनवर एसएसएच लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागत होता म्हणून तो खोदत बसला. अर्धा सेकंद! आपण तर नेट स्लो आहे म्हणून चहा प्यायला गेलो असतो.

तर माझं म्हणणं, ते दुसरं अकाउंट कधी उघडलंय ते बघा, बाकी कुठे काही काम केलंय का बघा. कमिट राइट्सपेक्षा रिलीजचे राइट्स जास्त जपा. आणि घाई करणाऱ्याला घाईचं कारण विचारा.

---

कोकणी_फणस | रवि, सकाळी ९:०२

जु_की, माहिती उत्तम पण थोडं अती होतंय. एसएसएचच्या मागच्या दारासाठी कुणीतरी दोन-अडीच वर्षं खर्च केली. 'पुनर्वसन'चा ऱ्हस्व-दीर्घ सुधारायला कुठलं परकीय गुप्तहेर खातं चार महिने बसणार आहे?

मी दुसरी बाजू सांगतो. एका प्रोजेक्टला (नाव जाऊ दे) मी पाठवलेला पीआर अकरा महिने पडून होता. अकरा! मधे दोनदा विचारलं, उत्तर नाही. मी सोडून दिलं. माझ्यासारखे असे किती गेले असतील. मराठीत आधीच काम करणारे हाताच्या बोटावर मोजण्याइतके, त्यात आलेल्याला पण संशयाने बघायचं म्हणजे कठीण आहे. शाईसाहेब, रिव्ह्यूला आठवडे लागतात हे खरं आहे की नाही ते आधी सांगा.

---

शाईचा_डाग | रवि, सकाळी ९:३०

खरं आहे. 🙈 सरासरी तीन आठवडे. मुलीच्या परीक्षा होत्या.

---

सदाशिव_पेठेत_पार्किंग_नाही | रवि, सकाळी ९:३४

तुमच्या धाग्यातच 'राइट्स'वर चर्चा आणि 'स्पेल चेक'चं 'राइट' कोण बघणार? (दिवे घ्या)

---

मुक्काम_पोस्ट_टोरोंटो | रवि, सकाळी १०:१०

इथे मध्यरात्र उलटून गेली आहे तरी लिहितेय कारण हे आमच्याकडे झालंय.

मूळ घोळ असा की रेपो पर्सनल अकाउंटवर आहे. तिथे गिटहब दोनच पातळ्या देतं, मालक आणि कोलॅबोरेटर. कोलॅबोरेटर म्हणजे थेट लिहायचा अधिकार, मधलं काही नाही. तेच ऑर्गनायझेशन केली (पब्लिक रेपोला फुकट आहे) की पाच पातळ्या मिळतात, रीड, ट्रायाज, राइट, मेंटेन, ॲडमिन. ट्रायाज ही फार उपयोगी आणि दुर्लक्षित गोष्ट आहे. इश्यूंना लेबल लावता येतं, बंद करता येतात, डुप्लिकेट ठरवता येतात, पण कोडला हात लागत नाही. नव्या उत्साही माणसाला पहिलं पद हेच द्यायचं, त्यालाही बरं वाटतं आणि तुमचं निम्मं ओझं उतरतं. रेपो ट्रान्सफर केला तर स्टार, इश्यू सगळे सोबत येतात आणि जुन्या लिंका नवीन जागी वळतात, त्यामुळे घाबरू नका.

दुसरं, जे बहुतेकांना माहीत नसतं. ज्याला राइट ॲक्सेस आहे तो माणूस स्वतःच्या ब्रँचवर वर्कफ्लोची (सीआयने काय करायचं त्याची) फाइल बदलून तुमच्या रेपोमधली सीक्रेट्स (साठवलेली टोकनं, पासवर्ड) बाहेर काढू शकतो, मेनवर मर्ज करायची सुद्धा गरज नाही. म्हणजे तुमच्या त्या नऊही जणांच्या हातात आज पायपीआयचं टोकन आहे असंच समजा. म्हणून शेव म्हणाले ते बरोबर, टोकन आधी मारा. आणि परत टोकन बनवूच नका. पायपीआयने एप्रिल २०२३ पासून ट्रस्टेड पब्लिशिंग दिलंय, त्यात ठरावीक रेपोच्या ठरावीक वर्कफ्लोला पायपीआय ओळखतं आणि त्या वेळेपुरतं टोकन देतं, जे थोड्या वेळात आपोआप मरतं. साठवून ठेवायचं काही नाही तर चोरीला काय जाणार. त्या वर्कफ्लोला एक एन्व्हायर्नमेंट (गिटहबमधली मंजुरीची पायरी) लावून त्यात मंजुरी देणारे म्हणून स्वतःचं नाव टाका, म्हणजे तुम्ही हो म्हटल्याशिवाय रिलीज जाणार नाही.

पायपीआयवर पण जाऊन बघा ओनर कोण आहे आणि मेंटेनर कोण आहे. मेंटेनर फक्त नवी आवृत्ती चढवू शकतो, माणसं घालणं-काढणं ओनरचं. मित्र एकटाच ओनर असेल तर तुम्ही आधी ओनर व्हा, मग पुढचं. उलटा क्रम केलात तर स्वतःच्याच घराबाहेर उभे राहाल.

---

शाईचा_डाग | रवि, सकाळी ११:२०

टोरोंटोताई, साष्टांग. टोकन सीआयमधून काढलं. पायपीआय बघितलं, मित्र ओनर आणि मी मेंटेनर!! इतकी वर्षं मला वाटत होतं मीच मालक आहे.

एक प्रश्न, त्या शब्दयादीवाल्यांना फक्त शब्दयादीच्या फोल्डरचा ॲक्सेस देता येईल का? कोडशी त्यांना तसंही घेणंदेणं नाही, ते एका छापखान्यात मुद्रितशोधक होते म्हणे, आता निवृत्त आहेत.

---

जुनाट_कीबोर्ड | रवि, दुपारी १२:०५

नाही. गिटहबवर राइट दिला की अख्ख्या रेपोचा. कोडओनर्स फाइल ठेवता येते, म्हणजे अमुक फोल्डर बदललं तर तमुक माणसाचा रिव्ह्यू लागेलच असं, पण ती रिव्ह्यूची अट झाली, कुलूप नाही. आणि ब्रँच प्रोटेक्शनमध्ये (ब्रँचवरच्या नियमांत) ती अट चालू केली नसेल तर नुसता शोभेचा कागद.

सरळ उपाय, शब्दयादीचा रेपोच वेगळा करा. तिथे काकांना राइट द्या, मुख्य रेपोने तिथून ठरावीक आवृत्ती उचलायची. लिनक्स कर्नल मोठ्या प्रमाणावर हेच करतं. तिथे मेंटेनर शेकड्यांनी आहेत पण लिनक्सचा जनक लिनस याच्या मुख्य झाडात (रेपोत) त्यातलं कुणी परस्पर पुश करत नाही. जो तो आपल्या झाडाचा राजा, आणि लिनस त्यांच्याकडून ओढून घेतो. गिटचा जन्मच २००५ मध्ये त्या कामासाठी झाला, आपण मात्र त्याचा वापर एका सामायिक पेनड्राइव्हसारखा करतो.

---

पोह्यांवरची_शेव | रवि, दुपारी ४:४५

आलो. मी आमच्या सोसायटीचा खजिनदार आहे, त्यामुळे मला हे सगळं चेकच्या भाषेत कळतं. सोसायटीच्या चेकवर दोन सह्या लागतात. सेक्रेटरी चोर आहे म्हणून नाही, तर उद्या बिलावरून भांडण झालं तर दोघं मिळून उत्तर देता यावं म्हणून. मर्जला एक रिव्ह्यू लागणं म्हणजे दुसरी सही. आणि कोरे चेक आधीच सह्या करून ठेवणं म्हणजे तुमचं ते २०१९चं टोकन.

पण खरं सांगू का, तुमच्यासारख्या प्रोजेक्टात दुसरी सही करायला माणूसच नसतो. स्वतःचा पीआर स्वतः अप्रूव्ह करता येत नाही, मग मालक वैतागून "ॲडमिनला नियम लागू नाही" हा मार्ग मोकळा ठेवतो आणि वर्षभरात सगळे त्याच मार्गाने जायला लागतात. त्यापेक्षा रिव्ह्यूची सक्ती आत्ता नका करू. मेनवर फोर्स पुश बंद, ब्रँच डिलीट बंद, टेस्ट हिरव्या झाल्याशिवाय मर्ज बंद. एवढं ॲडमिनसकट सगळ्यांना. याला दुसरा माणूस लागत नाही आणि मागच्या महिन्यातला घोटाळा याने शंभर टक्के टळला असता. दोन ॲक्टिव्ह माणसं झाली की सह्यांचं बघू.

हो, आणि ऑर्गनायझेशनचे ओनर दोन ठेवा. एकच ठेवलात आणि तुमचा फोन रिक्षात राहिला तर टू फॅक्टरचा (पासवर्डनंतर लागणारा दुसरा) कोड कुठून आणाल?

---

टंकमावशी | रवि, संध्या ६:३०

वरच्या चर्चेत एक धागा मला खटकला. "दुसरं अकाउंट कोण आहे बघा", उद्या म्हणाल आधार कार्ड दाखवा. मी गेली काही वर्षं टोपणनावाने ओपन सोर्समध्ये काम करतेय आणि त्याला कारणं आहेत जी मी इथे लिहिणार नाही. माझा चेहरा कुणी पाहिलेला नाही, माझा कोड सगळ्यांनी पाहिलाय.

---

जुनाट_कीबोर्ड | रवि, संध्या ७:१०

मावशी, मुद्दा मान्य, पण जिया टॅनचाही कोडच सगळ्यांनी पाहिला होता. डेबियन या लिनक्समध्ये नव्या डेव्हलपरची जीपीजी की (डिजिटल सहीची किल्ली) जुन्या डेव्हलपरने सही केलेली लागते आणि त्यासाठी लोक प्रत्यक्ष भेटून ओळखपत्र बघतात, ते काही उगाच नाही.

---

टंकमावशी | रवि, संध्या ७:२५

ओळखपत्र असलेले लोक चोऱ्या करत नाहीत का? डेबियनचंच उदाहरण पुरं सांगा ना. तिथे डेबियन मेंटेनर वेगळा आणि डेबियन डेव्हलपर वेगळा. मेंटेनरला त्याला नेमून दिलेलीच पॅकेजेस चढवता येतात, डेव्हलपरला कुठलंही, शिवाय मत देता येतं. म्हणजे खरं संरक्षण चेहऱ्यात नाहीये, एका माणसाचा हात कुठवर पोहोचतो ते मोजण्यात आहे. एक्सझेडमध्ये सुद्धा तो कोण होता हा प्रश्न नंतरचा. रिलीजचा टारबॉल एकटा माणूस आपल्या मशीनवर बनवून चढवू शकत होता आणि तो गिटशी कुणी ताडून बघत नव्हतं, हा प्रश्न आधीचा.

आणि नावाचं म्हणाल तर मार्च २०२१ मध्ये पीएचपी या वेबसाइटांच्या भाषेच्या गिट सर्व्हरवर दोन घातकी कमिट आले, एकावर नाव रॅसमस लर्डॉर्फचं, म्हणजे खुद्द पीएचपीच्या जनकाचं, दुसऱ्यावर निकिता पोपोव्हचं. दोघांनीही केलेले नव्हते. गिटमध्ये नाव काय, कुणाचंही टाकता येतं. त्यानंतर त्यांनी स्वतःचा सर्व्हर सोडून गिटहबवर बस्तान हलवलं आणि टू फॅक्टर सक्तीचं केलं.

---

जुनाट_कीबोर्ड | रवि, संध्या ७:४०

टारबॉलचा मुद्दा बिनतोड. मागे घेतो (अर्धं).

---

कोकणी_फणस | रवि, संध्या ७:४२

जु_कींनी काही मागे घेतलं, तारीख लिहून ठेवा रे कुणीतरी.

---

बिनसाखरेचा_चहा | सोम, सकाळी ७:५०

मूळ प्रश्नातला खरा अवघड भाग लग्नातल्या पंगतीचा आहे आणि त्यावर कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. मी बीएसडी या लिनक्ससारख्या सिस्टिमच्या जगातला म्हातारा.

आपल्याकडे किल्ली परत मागणं म्हणजे अविश्वास, असं डोक्यात बसलंय. देवळाच्या तिजोरीची किल्ली ज्या घरात आहे तिथे तीन पिढ्या राहते, कुणी वापरत नसलं तरी. फ्रीबीएसडीमध्ये फार वर्षांपासून चांगली पद्धत आहे, बराच काळ कमिट न करणाऱ्याचा कमिट बिट (म्हणजे कमिटचा अधिकार) काढून घेतात आणि त्याला म्हणतात 'सेफकीपिंगमध्ये घेतला'. म्हणजे ठेव म्हणून. परत यायचं असेल तर विचारा, बघू. शब्द एकच बदलला पण अपमान गेला. डेबियनमध्ये तर गायब झालेल्या मेंटेनरांना शोधून "बाबा आहेस का, पॅकेज सोडतोस का" असं विचारणारी एक टीमच आहे, एमआयए नावाची, युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांवरून. ॲपॅची या ओपन सोर्स संस्थेचं तत्त्व वेगळं, तिथे कमावलेली पात्रता कधी संपत नाही असं मानतात, ज्याला थांबायचं तो स्वतःहून एमेरिटस (मानद निवृत्त) होतो. मला ते ऐकायला आवडतं पण छोट्या प्रोजेक्टला झेपत नाही. न वापरलेली किल्ली हरवली तर हरवल्याचं सुद्धा कळत नाही.

वाईट पद्धत बघायची असेल तर रुबीजेम्स, रुबी भाषेची पॅकेजं वाटणारा प्रोजेक्ट. सप्टेंबर २०२५ मध्ये रुबी सेंट्रल या संस्थेने सुरक्षेचं कारण देऊन गिटहब संस्थेचा ताबा घेतला आणि वर्षानुवर्षं काम केलेल्या मेंटेनरांचे ॲक्सेस गेले. केवढा गदारोळ झाला. ऑक्टोबरात रुबीचा जनक मात्झ याला पुढे येऊन रेपोची जबाबदारी रुबी कोअर टीमकडे घेत असल्याचं जाहीर करावं लागलं. आणि एवढं करून एका माजी मेंटेनरकडे एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनच्या क्लाउडच्या) रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या, खात्याचा ॲक्सेस शिल्लकच होता, हेही बाहेर आलं. माणसं पण दुखावली आणि किल्ली पण राहिली.

तेव्हा शाईभाऊ, नियम आधी लिहा, माणसाचं नाव नंतर. "एक वर्ष हालचाल नसेल तर ॲक्सेस ठेवीत जाईल, मागितल्यावर परत मिळेल", हे रीडमीत टाका आणि सर्वांत पहिलं स्वतःचं कुठलंतरी जुनं, न वापरलेलं पद त्या नियमाखाली सोडा. मग मित्राला ईमेल नको, फोन करा. आणि त्यांचं नाव संस्थापकांच्या यादीत मोठ्या अक्षरात राहू द्या, ते कुणी काढत नाही.

---

मुक्काम_पोस्ट_टोरोंटो | सोम, सकाळी ८:०५

हे चिकटवून ठेवा कुणीतरी वर. 👏 फक्त एक भर, यादी करताना गिटहबवर थांबू नका. डोमेन, वेबसाइटचं होस्टिंग, सोशल मीडियाचा पासवर्ड, ईमेल ग्रुपचा मालक, भाषांतराची साइट, सगळं एका कागदावर घ्या आणि प्रत्येकापुढे दोन नावं लिहा. जिथे दुसरं नाव सुचणार नाही तिथे गोम आहे.

---

शाईचा_डाग | दोन आठवड्यांनंतर, रवि, रात्री १०:१५

मंडळी, हिशोब द्यायला आलोय.

ऑर्गनायझेशन झाली. नवातल्या सहा जणांना नियम कळवून ॲक्सेस ठेवीत घेतला. चौघांनी अंगठा दाखवला, एकाने "मी यात होतो?" असं विचारलं, एकाचं उत्तर नाही. फोर्स पुश बंद. ट्रस्टेड पब्लिशिंग लावताना दोन तास गेले कारण वर्कफ्लोच्या फाइलचं नाव मी चुकीचं टाकत होतो, शुद्धलेखन तपासणाऱ्या माणसाने.

शब्दयादी वेगळ्या रेपोत गेली आणि काकांना तिथे राइट दिला. ते दुसरं अकाउंट, फणसराव तुम्ही जिंकलात, त्यांच्या पुतण्याचं निघालं. काकांना गिट त्यानेच शिकवलं, आणि काका रोज जेवताना "अजून मर्ज झालं नाही" म्हणून कुरकुर करायचे म्हणून त्याने लिहिलं. काकांनी पहिल्याच दिवशी माझे स्वतःचे २०१८ मधले चौदा शब्द चुकीचे काढले आणि प्रत्येकाला नियम क्रमांक टाकलाय.

मित्राला फोन केला. मी दहा मिनिटं हवापाण्याच्या गप्पा मारत विषय फिरवत होतो, शेवटी सांगितलं. तो म्हणाला, अरे मला वाटलं तू कधीच काढलं असशील, मला दर वेळी पायपीआयचे मेल यायचे आणि टू फॅक्टर लावा म्हणून लागले तेव्हा वैतागून लावलं ते केवळ तुझ्यासाठी. मग पाऊण तास कॉलेजच्या कॅन्टीनवर बोललो. ओनरशिप फोन चालू असतानाच बदलली.

---

पोह्यांवरची_शेव | रवि, रात्री १०:३०

झकास! आणि टोरोंटोताईंचा कागद? डोमेन कुणाच्या नावावर आहे?

---

शाईचा_डाग | रवि, रात्री १०:४१

तेच सांगायचं राहिलं. तिसऱ्या मित्राच्या आधीच्या कंपनीच्या ईमेलवर. ती नोकरी त्याने २०२१ मध्ये सोडली. रिन्यूअल पुढच्या महिन्यात आहे. नवीन धागा काढू का?